प्रेमकथेत जमीन आणायची तर आधी सातबारा काढा

मी कोकणातली, म्हणून सड्याच्याच, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या, आधाराने सांगते. माझ्या नायिकेचं पहिलं भांडण भावाशी होतं. तो तिच्यापुढे जमिनीतला तिचा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र ठेवतो. सही केली तर जमीन विकायला मोकळी, नाही केली तर माहेर तुटणार. आणि त्याच जमिनीवर प्रकल्प येणार आहे, त्यात नोकरी मिळेल अशी तिच्या प्रियकराला आशा लागली आहे. त्याची गरज खरी लिहा. त्याला खलनायक केलंत की प्रेम तिथेच संपलं.

मग सडा पायी फिरा. पावसाच्या सुरुवातीला कातळावर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, पुढे सीतेची आसवं फुलतात. कागदोपत्री हीच जागा पडीक! पाऊस जांभ्यात मुरतो आणि खालच्या वाडीच्या विहिरींना पाणी राहतं. हे कुणाच्या भाषणात घालू नका. मे महिन्यात तिला त्या विहिरीवर कळशी भरू द्या, रहाट ओढायला तिचा प्रियकर येऊ दे, आणि बोलणं नोकरीवर घसरू दे.

प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात घोषणा कमी, कागद जास्त हवेत. पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. कादंबरीचा मधला भाग तेवढ्यात बसतो. 1921 चा धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह आणि 2023 चं बारसूचं रिफायनरीविरोधी आंदोलन, दोन्ही नीट वाचा.

संवाद वाडीच्याच बोलीत लिहा आणि तिथल्या एखाद्या आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे अडेल ते वाक्य बदला.