फोटोंवर ऑनलाइन अभिप्राय देता-घेताना या चुका टाळा

अभिप्रायाची गाडी बहुतेक वेळा प्रश्नापाशीच अडते. 'कसा वाटला?' असे विचारून फोटो टाकला, की 'अप्रतिम' आणि 'मस्त टिपलाय' यापलीकडे फारसे काही मिळत नाही, आणि तसे लिहिणाऱ्यांना दोषही देता येत नाही, कारण विचारलेच तेवढे होते. फोटोतून काय दाखवायचे होते आणि आपल्याला स्वतःला शंका कुठे आहे, हे दोन ओळींत सांगावे. 'मागची खिडकी चेहऱ्यावरचे लक्ष उडवते का?' असे विचारले, तर घाईत असलेला माणूसही उपयोगी उत्तर देऊ शकतो.

शटरचा वेग, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंथ हे फोटो काढतानाचे कॅमेरा-लेन्सचे आकडे स्वतः लिहून द्यावेत. ते फाइलमध्ये एक्झिफ माहिती म्हणून नोंदलेले असतात खरे, परंतु अनेक अ‍ॅप फोटो पाठवताना ही नोंद काढून टाकतात आणि फाइलही आक्रसून लहान करतात. 'बारकावे पुसट झाले आहेत' हा शेरा कित्येकदा या आक्रसलेल्या प्रतीलाच लागू असतो. रंगांच्या बाबतीतही असेच घडते. अ‍ॅडोबी आरजीबी या रंगप्रणालीत जतन केलेला फोटो काही अ‍ॅपमध्ये फिका दिसतो, म्हणून ऑनलाइन देण्यासाठी एसआरजीबी या सर्वत्र चालणाऱ्या रंगप्रणालीतील प्रत वेगळी काढावी. अभिप्राय देणाऱ्यानेही 'फोटो अंधारलेला आहे' असे लिहिण्यापूर्वी आपल्या मोबाइलचा ब्राइटनेस एकदा तपासावा.

अभिप्राय देणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निदान न करता औषध सांगणे. 'शार्प नाही, ट्रायपॉड वापरा' हे त्याचे ठरलेले उदाहरण आहे. फोटो मोठा करून पाहिला, तर अस्पष्टपणाचे कारण बहुधा फोटोतच सापडते. संपूर्ण चौकट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा हललेला असतो. पार्श्वभूमी स्वच्छ असून फक्त धावणारे मूल पुसट असेल, तर शटरचा वेग त्या हालचालीला पुरेसा नव्हता. आणि डोळ्यांऐवजी कानाजवळचे केस स्पष्ट असतील, तर फोकस चुकलेला असतो. ट्रायपॉड यांपैकी पहिल्याच दुखण्यावर चालतो. हातात धरून २०० मिमी लेन्सने फोटो काढताना शटरचा वेग निदान १/२०० सेकंद ठेवावा, हा जुना आडाखा पहिल्या प्रकारासाठी आहे. लेन्समधील स्टॅबिलायझेशनमुळे, म्हणजे हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीमुळे, त्यात सवलत मिळते, पण धावणारे मूल त्याने थांबत नाही.

नियमांचा दंडुका हीही एक जुनीच खोड आहे. विषय चौकटीच्या मधोमध दिसला, की 'तृतीयांशाचा नियम पाळा', म्हणजे चौकटीचे तीन-तीन भाग कल्पून विषय त्या रेषांवर ठेवा, असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात, मग त्या फोटोची सारी गंमत समतोल रचनेत का असेना. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ मधील फोटो प्रसिद्ध आहे. त्यातला माणूस पुसट आहे, आणि एरवी क्रॉप करणे नापसंत असलेल्या या छायाचित्रकाराचा हा फोटो क्रॉप केलेला आहे. नियमांची यादी हातात धरणाऱ्याने त्याला काय सांगितले असते, याची कल्पना करून पाहावी. दोष आणि आवड वेगळी लिहिणे हाच यावरचा साधा उपाय आहे: 'आकाशाचा तपशील जळून (अतिप्रकाशाने पांढरा पडून) गेला आहे' हा दोष झाला; 'मला हा कृष्णधवल अधिक आवडला असता' ही आवड झाली.

दुसऱ्याचा फोटो न विचारता बदलून परत टाकू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

अभिप्राय घेणाऱ्याची चूक बहुतेक वेळा घाईची असते. प्रत्येक शेऱ्याखाली 'तिथे जागाच नव्हती' असा खुलासा लिहिला, की पुढचे लोक गप्प बसतात. शिवाय सल्ले परस्परविरोधी आले, म्हणून ते सगळेच निकालात काढले जातात. एकाने उजवी बाजू कापा म्हटले, दुसऱ्याने ती गडद करा म्हटले आणि तिसऱ्याने थोडे डावीकडे सरकून फोटो घ्यायला हवा होता म्हटले, तर उपाय तीन असले तरी तिघांची नजर उजव्या कडेलाच अडखळलेली आहे. अशा वेळी मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत घ्यावी, ती कड बोटाने झाकून फोटो पुन्हा पाहावा आणि कोणता उपाय करायचा ते स्वतः ठरवावे.