ग्वाल्हेरच्या हवेत लेपर्ड गेको : ऊब आणि उजेडाच्या या चुका टाळा

लेपर्ड गेको, म्हणजे घरात पाळली जाणारी ठिपक्यांची पाल, घरी येणार म्हटलं की बहुतेक जण आधी दिवा विकत घेतात. दिवा थोडा उशिरा आला तरी चालेल. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला ऊब बंद-चालू करणारं यंत्र) आणि तापमान मोजायचं साधन मात्र गेकोच्या आधी घरात हवं. ग्वाल्हेरला तर याला पर्यायच नाही. इथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीच्या धुक्यात रात्री ५ अंशांच्या आसपास उतरतो. इंटरनेटवरचे सल्ले बहुधा थंड देशांतले, बारा महिने एकाच तापमानात राहणाऱ्या घरांतले असतात. ते जसेच्या तसे लष्कर भागातल्या वाड्यात किंवा मुरारच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लागू केले की त्या मुक्या जिवाचे हाल होतात.

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. दिवसभर कपारीत राहतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो. आपल्या घरातल्या पालीसारखे चिकटणारे तळवे त्याला नसतात, म्हणून तो जमिनीवरच वावरतो आणि तापलेल्या दगडावर पोट टेकून ऊब घेतो. खाल्लेलं पचायलाही ही ऊब लागते. म्हणून त्याच्या काचेच्या पेटीच्या एका टोकाला जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला हवा २४ ते २६ अंश असावी. लपायची जागा दोन्ही टोकांना हवी. एकच असेल तर बिचाऱ्याला सुरक्षितपणा आणि योग्य तापमान यांतून एकाची निवड करावी लागते.

मॅट थेट प्लगमध्ये लावणे

सगळ्यात जास्त इजा या चुकीमुळे होते. हीटिंग मॅट, म्हणजे पेटीच्या तळाखाली लावायची विजेवर तापणारी चटई, स्वतःहून थांबत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर वरची काच ४५ अंशांच्याही पुढे तापू शकते. गेको तिथून उठून जाईल या भरवशावर राहू नका. पोटाखालचा चटका त्याला वेळेत जाणवेलच असं नाही, आणि भाजून होईपर्यंत तो तिथेच पडून राहतो. मॅटवर वाळूचा जाड थर घातला की धोका आणखी वाढतो. वरून हात लावला तर वाळू कोमट लागते, पण गेको उकरत उकरत थेट काचेपर्यंत पोचतो.

थर्मोस्टॅट लावूनही गडबड होते ती प्रोबमुळे. ही वायरच्या टोकाची छोटी कांडी गरम बाजूच्या पृष्ठभागाला टेकलेली हवी. गेकोच्या पायाने ती सरकून थंड कोपऱ्यात गेली, की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि तो मॅट चालूच ठेवतो. आकडा ३२ वर लावलेला असतो आणि काच मात्र पोळत असते. रोज पाणी बदलताना प्रोब जागेवर आहे ना ते बघा. ती बसवायला पेटीच्या आत सेलोटेप वापरू नका. टेप सुटली की गेकोच्या कातडीला चिकटते आणि काढताना कातडी फाटते. प्रोब बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये बसवली तर ती सरकत नाही. तेव्हा आतला पृष्ठभाग वेगळा मोजून त्या हिशेबाने आकडा लावा.

मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, तो रोख धरला की जमिनीचं तापमान लगेच कळतं. काचेवर चिकटवायची गोल तबकडी त्या उंचीवरच्या भिंतीजवळचं तापमान सांगते. गेकोचं पोट तिथे नसतं.

बाहेरून मागवलेली मॅट असेल तर व्होल्टेज वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. ११० व्होल्टची वस्तू लावली तर जळेल, आगही लागू शकते. आतून तापणारे नकली दगड, म्हणजे हॉट रॉक, मिळतात ते घेऊच नका. ते एकसारखे तापत नाहीत. त्यापेक्षा आपल्याकडच्या वालुकाश्माच्या फरशीचा पॉलिश नसलेला तुकडा गरम बाजूला ठेवा. वरून हॅलोजनने तापवला तर दिवा मालवल्यावरही तो बराच वेळ ऊब धरून राहतो, आणि खरखरीत असल्यामुळे पायही घसरत नाहीत.

रात्रभर लाल किंवा निळा दिवा

'लाल उजेड त्याला दिसत नाही' असं दुकानात सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका. गेकोंची रात्रीची नजर आपल्यापेक्षा कितीतरी सरस असते. २००४ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी हेल्मेट गेकोवर प्रयोग करून दाखवलं की माणसाला रंग मुळीच ओळखता येत नाहीत इतक्या मंद उजेडातही त्याला रंग कळतात. रात्र अंधारीच असू द्या. उन्हाळ्यात १४ तास आणि हिवाळ्यात १० ते १२ तास उजेड पुरतो. टायमर लावला की विसरायला होत नाही. गणपतीत हॉलमध्ये रात्रभर माळा लावत असाल तर तेवढे दिवस पेटीवर संध्याकाळनंतर कापड टाका. हवा खेळती राहील आणि कापड दिव्याला टेकणार नाही एवढं बघा.

रात्री ऊब हवीच असेल तर सिरॅमिक हीट एमिटर लावा, त्याला उजेड नसतो. तो चिनी मातीच्या होल्डरमध्येच बसवा, प्लॅस्टिकचा वितळतो. त्यालाही थर्मोस्टॅट लागतो. पेटीच्या आत बसवलात तर जाळीचं संरक्षण हवं.

यूव्हीबीबद्दलचे गैरसमज

लेपर्ड गेकोला यूव्हीबी (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) लागतच नाही असं पूर्वी मानत, कारण डी-३ जीवनसत्त्वाच्या पावडरीवर तो जगतो. पण सौम्य यूव्हीबी मिळाली तर ते जीवनसत्त्व त्याचं शरीर स्वतः तयार करतं. ५ ते ७ टक्क्यांची, निम्म्या पेटीवर येईल अशी लांब ट्यूब पुरे. यूव्हीबी सुरू केल्यावर डी-३ची पावडर कमी करा. साधं कॅल्शियम मात्र चालू ठेवा.

खिडकीपाशी पेटी ठेवून ऊन दिलं की काम झालं, ही समजूत दोन प्रकारे घातक आहे. काच यूव्हीबी अडवते आणि उष्णता आत कोंडते. ग्वाल्हेरच्या उन्हात काचेची पेटी काही मिनिटांत भट्टी होते. ट्यूब साधारण वर्षाने बदला. उजेड तसाच दिसतो, पण यूव्हीबी कमी झालेली असते. ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर या प्रकारांचे अल्बिनो, म्हणजे गडद रंगद्रव्य नसलेले, गेको प्रकाशाला नाजूक असतात. ते डोळे मिटून बसत असतील तर ट्यूब आणखी उंच न्या आणि सावलीच्या जागा वाढवा.

मे महिन्यात करायचं काय?

थर्मोस्टॅट मॅट बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. खोलीच ३८ अंशांवर गेली तर मॅट बंद असूनही गेकोला पळायला जागा उरत नाही. पेटी गच्चीखालच्या खोलीतून हलवा, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. जुन्या वाड्यात जाड भिंतींचं माजघर असेल तर उत्तम. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. एरवी पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी. कोरड्या मेमध्ये कूलरची ओल चालते, पण पावसाळ्यात तोच कूलर हवा कोंदट करतो. अडीनडीला गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून थंड बाजूला बाहेरून टेकवा.

हिवाळ्यात रात्री १८-२० अंशांपर्यंत उतरलेलं निरोगी गेकोला चालतं. त्याखाली जात असेल तर पेटीच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावा. मॅट हवा तापवत नाही, म्हणून थंडीत वरूनही ऊब लागते. लाइट जाते तिथे मॅट इन्व्हर्टरवर सहज चालते. आणि पेटी गरम ठेवता येत नसेल त्या दिवशी खायला घालू नका. खाल्लेले किडे पोटात न पचता सडतात.

गेको काय सांगतोय

सतत थंड बाजूला आणि तोंड उघडं ठेवून असेल तर उष्णता जास्त आहे. गरम बाजूला चिकटून बसतो, खात नाही, खाल्लेलं उलटतो, शेपूट बारीक होतेय, तर आधी फरशीचं तापमान मोजा. तापमान ठीक असूनही असंच चालू राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. जबडा मऊ पडला किंवा पाय वाकडे झाले तर तो कॅल्शियमचा आजार आहे, थांबू नका. पोटावर लाल किंवा तपकिरी डाग दिसला तर मॅट लगेच बंद करा, वाळू-माती काढून स्वच्छ कागदी रुमाल पसरा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. हळद, टूथपेस्ट किंवा माणसांचं मलम त्यावर लावू नका.