बंद कारखान्याची जागा विकसित करताय? या चुका टाळा

पुणे परिसरातलं भोसरी, चिंचवड, हडपसर, मुंढवा. जुन्या शेडच्या जागी टॉवर उभे राहताहेत. इंडस्ट्रियल झोनमध्ये निवासी वापर मिळवताना कामगार आयुक्तांचा दाखला कुणी विसरत नाही, कारण त्याशिवाय फाइल हलत नाही. पण तो दाखला कामगारांच्या देण्यांचा. जमिनीत काय मुरलंय, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं, सात-बाऱ्यावरही नसतं.

आधी पाडापाडी, मग तपासणी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोबा फोडला की प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) टाक्या कुठं होत्या, ड्रम कुठं रचत होते, सांडपाण्याचं गटार कुठून जात होतं, हे सगळं पुसलं जातं. फरशीवरचे पिवळे डाग आणि ॲसिडनं खाल्लेला कोबा हाच तर खरा नकाशा! प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं, कारखान्याचे मंजूर नकाशे आणि जुनी उपग्रह छायाचित्रं आधी काढा. जुना फिटर किंवा वॉचमन सापडला तर त्याला बरोबर घेऊन जागा फिरा. जेसीबी त्यानंतर. फर्नेस ऑइलची जमिनीखालची टाकी तशीच राहिली असेल, तर ती बकेटचा दात बसल्यावरच कळते. छतावरचे जुने सिमेंट पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नका. पाण्यानं भिजवून, बोल्ट काढून अख्खे उतरवा.

पाच ठिकाणची माती एका पिशवीत

चार कोपऱ्यांची आणि मधली माती एकत्र करून एकच नमुना पाठवला जातो. समजा एका जागी शिसं किलोमागे 2000 मिलिग्रॅम आहे आणि उरलेल्या चार जागी 50. अहवालात येणार 440. ती एक जागा कुठली, हे कुणालाच कळत नाही. संशयाच्या जागांचे नमुने वेगळे घ्या. उरलेल्या जागेवर 20 बाय 20 मीटरची जाळी आखा, म्हणजे एकरी साधारण 10 ठिकाणं होतात. प्रत्येक ठिकाणी वरचे 30 सेंटिमीटर, मग 1 मीटर आणि काळी माती संपून मुरूम लागतो ती सांधरेषा. ही शेवटची खोली हमखास गाळली जाते. उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात, वर सांडलेलं त्यातून थेट मुरमापर्यंत उतरतं आणि वरची माती मात्र स्वच्छ दिसते.

डिग्रीजिंगच्या (धातूवरचं तेल-ग्रीस काढण्याच्या) सॉल्व्हंटचा संशय असेल तर नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका. लॅबला पोचेपर्यंत तो उडून जातो आणि अहवाल येतो ‘आढळले नाही’. काचेची घट्ट झाकणाची बाटली आणि बर्फाची पेटी लागते. जुन्या प्लेटिंग शॉपच्या जागी लॅबला नुसतं ‘क्रोमियम’ सांगू नका; हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वेगळं मोजायला सांगा, विषारी ते आहे.

चुना टाकला, झालं

त्याच हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर नुसता चुना टाकतात. त्यानं ते बांधलं जात नाही. पहिल्या पावसात पिवळं पाणी पुन्हा वर येतं. आधी फेरस सल्फेट मिसळून त्याचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोमियम करायचं, मग चुन्यानं पीएच 8 ते 9 वर आणायचा. क्रम उलटा केला तर फेरस चुन्यात आणि हवेत वाया जातं. डोस पुस्तकातला घेऊ नका. त्याच जागेच्या मातीवर आधी लॅबमध्ये चाचणी घ्या.

तळघराचा उपसा

दोन-तीन मजली पार्किंगसाठी खणलं की बेसाल्टच्या फटींतून पाणी येतं. पंप लावून ते नाल्यात सोडलं जातं, तिथून मुळा-मुठेत. तपासल्याशिवाय सोडू नका. शिवाय महिनोन्‌महिने उपसा चालला तर शेजारच्या प्लॉटखालचं दूषित पाणीही आपल्याकडे ओढलं जातं. विहिरी-बोअरचे नमुने मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर घ्या. फक्त एकदाच घेतलेला नमुना फसवतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. जुनी बोअर नुसती दगड टाकून बुजवू नका, नाहीतर वरचं दूषित पाणी तिच्यातून खोल जातं. तळापासून वरपर्यंत सिमेंट ग्राउटनं (सिमेंट-पाण्याच्या पातळ मिश्रणानं) भरा.

ब्रास आणि टन

खणणारा ब्रासमध्ये (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) मोजतो, घातक कचरा घेणारा टनात. 10 बाय 10 मीटर जागा 1.5 मीटर खणली की 150 घनमीटर, म्हणजे 53 ब्रास. सुटी झाल्यावर हीच माती पाऊणशे ब्रासच्या आसपास जाते, वजन मात्र 250 टनांच्या घरात. हा हिशेब आधी केला नाही तर अर्धा ढीग पावसाळ्यात उघड्यावर पडून राहतो. घातक ठरलेली माती रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पासारख्या अधिकृत ठिकाणीच, फॉर्म 10 मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) जायला हवी. खड्डा भरण्यापूर्वी तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने तपासा. बाहेरून येणारा भराव, विशेषतः राडारोडा, हाही तपासूनच घ्या.

रिचार्ज खड्डा

500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. दूषित थर झाकून ठेवलेल्या भागात पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा रिचार्ज खड्डा काढला तर आपण स्वतःच ते विष धुऊन भूजलात सोडतो. तो भाग नकाशावर खुणा करून सोसायटीच्या हस्तांतरण कागदांत जोडा, म्हणजे पुढे तिथं कुणी बोअर घेणार नाही. 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले असले, तरी सफाईचा खर्च कुणाचा, हे साठेखतातच लिहून घ्या. ताबा घेतल्यावर जुना मालक फोन उचलत नाही.