स्क्रीन काळी असताना मशीन काय करत असतं

हार्डवेअरच्या कामाला लागले तेव्हा माझी एकच पद्धत होती. मशीन सुरू होत नाही? मग रॅम बदल, पॉवर सप्लाय बदल, सीमॉस (बोर्डावर साठवलेली सेटिंग) क्लिअर कर. मशीन कधी उठायचं, कधी नाही, आणि उठलं तरी कशामुळे उठलं ते मला सांगता यायचं नाही.

ती सवय एका डेस्कटॉपने मोडली. पंखे फिरत होते, डिस्प्ले नव्हता. मी रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या आणि त्याच दमात सीमॉसही क्लिअर केलं. डिस्प्ले आला, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर अडली : इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. डिस्क गेली असं धरून मी दोन दिवस तिच्याच मागे होते. डिस्क ठणठणीत होती. आधी कुणीतरी बायोसमध्ये (मशीन उठवणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) स्टोरेजचा मोड रेडवर ठेवला होता, माझ्या रिसेटने तो एएचसीआयवर आला होता. डिस्कशी बोलण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती, म्हणून विंडोजला डिस्क सापडेना. मूळ बिघाड फक्त सैल बसलेल्या रॅमचा. दुसरा मी स्वतः घातलेला.

तेव्हापासून पहिला प्रश्न एकच विचारते : गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत पोचली? म्हणजे सुरू होताना मशीन कुठल्या टप्प्यावर अडलं?

आजच्या इंटेल प्रोसेसरची पहिली सूचना 4 जीबीच्या सीमेच्या 16 बाइट अलीकडच्या पत्त्यावरून येते. तो पत्ता रॅमचा नसतो, बोर्डावरच्या छोट्या फ्लॅश चिपचा असतो, जिच्यात बायोस असतं. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी झालेलीच नसते, म्हणून बहुतेक फर्मवेअर (म्हणजे बायोस किंवा त्याची नवी पिढी, यूईएफआय) प्रोसेसरच्या आतल्या कॅशचाच तात्पुरती मेमरी म्हणून वापर करतं आणि त्या आधारावर रॅम जागी करतं. डिस्प्ले त्याच्याही नंतर. हे कळलं की काळ्या स्क्रीनचा अर्थ बदलतो : बिघाड स्क्रीनचा असेलच असं नाही, तिची पाळीच अजून आलेली नसेल. डीडीआर5 च्या बोर्डावर नवी रॅम घातली की पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला (बोर्डाने त्या रॅमशी जुळवून घेण्याला) काही मिनिटंही लागतात. त्या वेळात घाबरून बटण दाबू नका, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

डिस्प्लेआधीच्या टप्प्यात मशीन बोलतं ते बीपमधून नाहीतर बोर्डावरच्या दिव्यांमधून. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील तर कुठला पेटून राहिला ते बघा. बीपचे अर्थ मात्र पाठ करत बसू नका, बायोस कोणाचं आहे त्यावर ते बदलतात. त्याच बोर्डाचं मॅन्युअल उघडा.

डिस्प्ले आला आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणाला, तर गोष्ट वेगळी. जुनं बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर वाचतं आणि त्याच्या शेवटी 55 एए ही खूण आहे का बघतं. यूईएफआय सेक्टरच्या भानगडीत पडत नाही. त्याला डिस्कवर फॅट32 फॉरमॅटचं छोटं पार्टिशन आणि त्यातली .ईएफआय फाइल हवी असते, आणि कुठली फाइल उघडायची याची नोंद बोर्डावरच्या मेमरीत असते. म्हणून डिस्क उत्तम असूनही दुसऱ्या बोर्डावर लावली की कधी कधी बूट होत नाही : नोंद जुन्या बोर्डावरच राहिलेली असते. तसंच जुन्या बायोसच्या (लिगसी) पद्धतीने टाकलेली विंडोज यूईएफआय मोडमध्ये उठत नाही, आणि उलटही. चालू मशीनवर विंडोजचं एमएसइन्फो32 उघडलं की ‘बायोस मोड’ समोर लिगसी की यूईएफआय ते दिसतं. मी ते आधीच टिपून ठेवते.

सेटिंगला हात लावण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर उठवणारं सेटिंग) किंवा टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) हलवू नका. की नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. हे मी अगदी कळवळून सांगते, कारण तो डेटा आपला नसतो.

घड्याळ रोज मागे पडतं, सेटिंग पुसली जातात? सीआर2032 सेल बदला, पुढे जा.

बायोस फ्लॅश करणं, म्हणजे चिपमध्ये नव्याने लिहिणं, हा पहिला उपाय नव्हे. अपडेटच्या मध्येच वीज गेली तर बोर्ड निपचित पडू शकतो. मग ती फ्लॅश चिप प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने लिहावी लागते. त्या वेळी आधी चिपचा व्होल्टेज तपासा, काही 3.3 व्होल्टच्या असतात, काही 1.8 च्या. जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का बघा, मगच पुसा. त्यातच त्या बोर्डाचा सीरियल नंबर, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची ओळख) असू शकतो.

सरावासाठी गिऱ्हाइकाचं मशीन घेऊ नका. क्यूईएमयू (कॉम्प्युटरच्या आत आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) आणि ओव्हीएमएफ (त्या मशीनसाठीचं यूईएफआय) दोन्ही फुकट मिळतात, आणि त्यात खरंखुरं यूईएफआय चालतं. तिथे लिनक्स टाका, बूटची नोंद मुद्दाम पुसा आणि यूईएफआय शेलमधून (जिथे कमांड टाइप करता येतात) ती .ईएफआय फाइल हाताने शोधून मशीन उठवा. मला पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ लागली होती.