कमी पैशात शास्त्रीय गाण्याचा संग्रह: एक राग धरा आणि कॅसेटी शोधा

नव्याने गाणं ऐकायला लागलेली पोरं मला नेहमी एकच विचारतात, की दादा संग्रह करायचाय पण खिशात फार नाही, सुरुवात कुठून करू. आणि विचारेपर्यंत बऱ्याच जणांनी टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचा प्लेयर, घेऊन झालेला असतो. तो घेऊ नका. म्हणजे कधीच नको असं नाही, पण पहिली दोन वर्षं तरी नको. स्वस्तातले जे सूटकेससारखे दिसणारे प्लेयर मिळतात त्यांची सुई रेकॉर्डवर जड बसते, खाचा झिजतात, आणि चांगला घ्यायला गेलात तर त्याच पैशात कॅसेटींची आख्खी पेटी येते. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, हल्ली फॅशन आलीये त्यामुळे फाटक्या कव्हरची, ओरखडे पडलेली रेकॉर्डसुद्धा लोक तोंडाला येईल त्या भावाने विकतात. कॅसेटला मात्र कोणी विचारत नाही. आपल्यासारख्यांचं काम तिथेच होतं.

कॅसेटच का, तर त्याला कारण आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं बसायचं, एलपीवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि दोन्ही काढायच्या म्हणजे मोठी कंपनी, मोठा कारखाना लागायचा. कॅसेट आल्यावर छोट्या लोकांनासुद्धा गाणं बाजारात आणता यायला लागलं. आपल्या पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या कॅसेटी कितीतरी घरांत अजून पडून असतील. शिवाय घराघरातलं टेपरेकॉर्डर घेऊन बैठकीला जाऊन बसलेल्या काकालोकांचं रेकॉर्डिंग, ते तर कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही. मोठ्या कंपन्यांचं बरंचसं गाणं आज फोनवर फुकट किंवा महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये ऐकायला मिळतं, त्याच्यावर परत पैसे कशाला घालायचे? पैसे घाला ते जे फोनवर नाही त्याच्यावर, कारण ते एकतर तुम्ही वाचवणार नाहीतर रद्दीत जाणार.

पण त्याच्या आधी एक काम. कलाकारांच्या नावांची यादी करून खरेदीला निघू नका, एक राग धरा. मी मारवा धरला होता. आमीर खाँसाहेबांची १९६० सालची एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, ती माझ्याकडे कॅसेटवर आली आणि त्यातलं 'पिया मोरे अनत देस' मी महिनाभर रोज संध्याकाळी ऐकलं. मग वसंतराव देशपांड्यांचा मारवा शोधला, आणि राग तोच असून माणूस किती वेगळा बोलतो ते कळलं, एकीकडे खाँसाहेब सावकाश एकेक सूर उघडत बसलेत आणि इकडे वसंतराव झडप घालतायत. आता गंमत बघा, मारवा, पुरिया आणि सोहनी या तिघांचे सूर तेच. कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) नाहीच. मारव्यात रिषभ-धैवतावर भर आणि षड्ज (सा) असा टाळलेला की जीव टांगणीला लागतो, पुरियात गंधार-निषाद आणि बरंचसं काम मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात, सोहनी वरच्या सप्तकात चमकणारी. म्हणजे मारवा गोळा करता करता भीमसेनजींचा पुरिया हवासा वाटायला लागतो, मग कुमार गंधर्वांची सोहनी, आणि वर्षभरात दहा-बारा कॅसेटींचा का होईना पण एकमेकांशी बोलणारा संग्रह तयार होतो. नावं धरून घेतलेल्या शंभर कॅसेटी कपाटात मुक्या बसतात, हे मी स्वतःच्या कपाटात बघितलंय.

राग नको असेल तर घराणं धरा. किराणा घराण्याची ओळ लावायची तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या तबकड्या, मग सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हंगल, भीमसेनजी. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या शेवटी त्यांचीच भैरवी लावतात ना, ती ऐकून घरी आलात की लगेच खाँसाहेबांची 'जमुना के तीर' लावा आणि मग भीमसेनजींनी गायलेली तीच ठुमरी लावा. ओळीतलं कुठलं गाणं आपल्याकडे नाही ते तुमचं तुम्हालाच कळायला लागेल, दुकानदाराने सांगायची गरज नाही.

आता फुकटचं. आकाशवाणीचं 'रागम' म्हणून चोवीस तास शास्त्रीय गाण्याचं चॅनल आहे, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं, न्यूजऑनएअर अ‍ॅपवर लागतं. कामं करता करता लावून ठेवायचं, शेजारी वही ठेवायची, निवेदक कलाकाराचं आणि रागाचं नाव सांगतात ते टिपायचं. पुढे काय शोधायचं त्याची यादी याच वहीतून होते. प्रसार भारतीच्या आर्काइव्ह्जचं यूट्यूब चॅनल आहे, तिथे दूरदर्शनवरच्या जुन्या मैफली बघायला मिळतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या तबकड्या लोकांनी चढवलेल्या आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचा असतो, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायचा, त्यामुळे १९३०-४० च्या तबकड्यांचं रेकॉर्डिंग त्यातून केव्हाच मोकळं झालंय, ते निःशंक उतरवून घ्या. अलीकडचं मात्र चोरून घेऊ नका, गाणाऱ्याला आधीच फार मिळत नाही. आणि तबकड्यांबद्दल नीट समजून घ्यायचं तर मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून काम करतेय, त्यांचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक नेटवर वाचायला मिळतं, त्याचे जुने अंक काढून बसा.

कॅसेटी कुठे मिळतात? पुण्यात जुना बाजार, रविवार आणि बुधवार. मुंबईत चोर बाजार, शुक्रवार सोडून. रद्दीवाल्याला सांगून ठेवा, हे सगळ्यात फळतं, त्याला आपला नंबर द्यायचा आणि म्हणायचं की भाऊ गाण्याच्या कॅसेटी आल्या की फोडू नका, मला फोन करा. आणि नात्यातल्या, सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नुसतं कॅसेटी आहेत का असं नाही विचारायचं, आजोबा तुम्ही कुणाकुणाचं गाणं ऐकलंत असं विचारायचं, मग ते स्वतःच उठून माळ्यावरची पिशवी दाखवतात. कॉपी करून मूळ कॅसेटी परत नेऊन द्या. त्यांनी जपलेल्या आहेत त्या, आपल्या नाहीत.

एकदा रविवारी जुन्या बाजारात निळ्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, चार्जर, एक इस्त्री आणि त्याच्यात बारा-पंधरा कॅसेटी पडलेल्या. बहुतेक सिनेमाच्या. खाली एक सी-९०, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट, सापडली, छापील कव्हर नाही, आतल्या कागदावर शाईच्या पेनाने बारीक अक्षरात 'मुलतानी, विलंबित व द्रुत, मग नाट्यपद, वीज गेली' एवढंच. गाणाऱ्याचं नाव नाही, साल नाही. वीस रुपयाला घेतली. घरी लावली तर खरंच, द्रुत, म्हणजे जलद बंदिश, रंगात आलेली असताना पंख्याची घरघर थांबते, माइकचा आवाज जातो, आणि कोणी बाई न थांबता तशीच गात राहते, लांबून, नुसता गळा, आणि समेला (तालाच्या पहिल्या मात्रेवर) खोलीतली माणसं 'वा' म्हणतात. त्या कोण ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझ्याकडच्या सगळ्या कॅसेटींत मला ती सगळ्यात जास्त जपावीशी वाटते.

विकत घेताना कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या कॅसेटींत फार, ती घरातल्या प्लेयरमध्ये घालू नका, हेडला लागून पुढच्या कॅसेटींनाही जाते. खालच्या तोंडाशी छोटं स्पंजचं पॅड असतं ते पडलंय का बघा, पडलं असेल तरी घ्या, दुसऱ्या फालतू कॅसेटचं काढून लावता येतं. चार कोपऱ्यांना स्क्रू असलेली कॅसेट उघडता येते, चिकटवलेली असेल तर कवच फोडून टेप दुसऱ्या कवचात घालावी लागते, हे सुद्धा होतं, घाई केली नाही तर.

आणि डबल खरेदी सांभाळा. एकच रेकॉर्डिंग चार वेगवेगळ्या कव्हरांखाली परत परत निघालेलं असतं, कधी 'बेस्ट ऑफ', कधी घराण्याच्या नावाने, कधी नुसतं कलाकाराचा नवा फोटो लावून. बंदिश, तबल्याची साथ आणि मिनिटं या तीन गोष्टी जुळल्या तर समजा तेच आहे. माझे सुरुवातीचे पैसे सगळ्यात जास्त यातच वाया गेले.

७८ च्या तबकड्या ऐकण्यासाठी म्हणून घेऊ नका. जाड सुई वेगळी लागते, लाखेच्या असतात त्यामुळे हातातून पडली की संपली, आणि त्यातलं बरंच गाणं वर सांगितलं तसं फुकट आहे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तर १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती ऐकायला तबकडी लागत नाही. पण कुठे मिळालीच, तर स्पिरिटने पुसू नका. मी पुसली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला माहीत नव्हतं, फडक्यावर काळं आलं ते मी धूळ समजून अजून जोरात पुसत राहिलो, आणि ती खाच गेली ती गेली. आजही आठवलं की वाईट वाटतं, ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेली वस्तू होती ती.

आता उतरवून घेणं, म्हणजे डिजिटल करणं. एक चांगल्यातला जुना कॅसेट डेक किंवा चालणारा वॉकमन, एक साधं यूएसबी साउंडकार्ड, आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, बऱ्याच लॅपटॉपना तिथे मोनोच येतं आणि आवाज फाटतो. आधी कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा (इथे चालतं, तबकडीला नाही). मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेली टेप सैल होते. लेव्हल लावताना आलाप बघून लावू नका, आलापात सगळं शांत असतं, द्रुतमधली तार सप्तकातली तान आणि समेवरचा बायाँ (डाव्या हाताचा तबला) बघून लावा, वर थोडी जागा ठेवा.

वेग तपासा, हे कोणी करत नाही. टेपरेकॉर्डर सहा टक्के जोरात चालला तर गाणं अर्ध्या स्वराने चढतं, पेटीच्या पांढरी एक पट्टीत गाणारा पुढच्या काळी एकमध्ये ऐकू येतो. साथीला हार्मोनियम असेल तर सोपं आहे, फोनवर ट्यूनरचं, म्हणजे सूर मोजणारं, अ‍ॅप लावा, पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडत असेल तर बहुतेक वेग चुकलाय. नुसती सारंगी-तंबोरे असतील तर तेवढं खात्रीने सांगता येत नाही, तंबोरा कुठेही लावता येतो, मग त्या गायकाची दुसरी रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून कानाने ठरवायचं.

खरखर काढायच्या मागे लागू नका. नॉइज रिमूव्हलचं बटण दाबलं की सगळ्यात आधी तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) जाते, कारण ती त्या सळसळीतच मिसळलेली असते, आणि मग गाणं पाण्यात बुडवल्यासारखं वाटतं. मूळ फाइल जशीच्या तशी फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता लहान करणाऱ्या फाइलमध्ये) ठेवा, तासाला साधारण तीनशे एमबी धरा, म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर तीन हजार तास मावतात. आपलं आयुष्यभराचं ऐकणं झालं ते.

आणि नाव लिहा. कलाकार, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, साथीदार, साल, कॅसेट कुणाकडून आली. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या तेव्हा गाणं संपल्यावर त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना कळायला हवं होतं की हे गाणं कुणाचं. माझ्या त्या मुलतानीवाल्या बाईंनी नाव सांगितलं नाही, कागदावर लिहिणाऱ्याने लिहिलं नाही. त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत असणार म्हणून राहिलं असेल. जे माहीत नाही तिथे 'अज्ञात' लिहा, अंदाजाने मोठं नाव चिकटवू नका, नेटवर आधीच चुकीच्या नावांचा आणि चुकीच्या रागांचा सुळसुळाट आहे.

महिन्याला पाचशे रुपये धरा. त्यातले अर्धे पहिले काही महिने बाजूला टाकून दुसरी हार्ड डिस्क घ्या आणि ती स्वतःच्या घरात ठेवू नका. माझी ताईकडे कोल्हापूरला असते, दिवाळीत आणि मे महिन्यात जातो तेव्हा नवीन भर टाकतो, आणि त्या निमित्ताने रात्री जेवणं झाली की वर्षात काय काय मिळालं ते आम्ही दोघं बसून ऐकतो.