गीझर लावला की घरभर अंधार? आधी हे करून बघा

सकाळी गीझरचं बटण दाबलं की मेन बोर्डातला ईएलसीबी (नव्या बोर्डांत आरसीसीबी; करंट गळला की वीज तोडणारा स्विच) खटकन पडतो आणि फ्रीज, पंखे सगळंच बंद. वायरमन येईपर्यंत दोष कुठे आहे ते आपल्यालाच शोधता येतं.

१. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला आरसीसीबी पडेल ती लाइन बहुधा दोषी.

२. त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आमची फसगत इथेच झाली. बटण फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं. न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो, आणि तो अर्थिंगला टेकला असेल तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो.

३. आता एकेक प्लग लावून चालू करा. गीझरलाच पडला तर बहुधा कॉइल गेली. बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो, पत्रा कुजतो आणि करंट पाण्यात उतरतो. आमची कॉइल काढली तेव्हा खडूच्या कांडीसारखी दिसत होती, मधे केसाएवढी चीर. कॉइल बदलून मिळते, गीझर भंगारात काढायची घाई नको.

सगळे प्लग काढूनही पडतोय? मग दोष बहुधा वायरिंगमध्ये. पावसाळ्यात आधी गॅलरीतला ओला सॉकेट तपासून घ्या.

एक मात्र पाळा: हात कोरडे, पायात चप्पल. आणि ‘तात्पुरता डायरेक्ट करून देतो’ (म्हणजे आरसीसीबी वगळून) म्हणणाऱ्याला आरसीसीबीला हात लावू देऊ नका. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला तुटतो. एमसीबीला एवढी गळती कळतही नाही.