थंडीत अनवाणी पळणाऱ्यांसाठी तयारीची यादी

कानटोपी, स्वेटर, खिशात मोबाईल, घरात सांगून निघणं, हे तुम्हाला कळतं. त्यावर शब्द घालवत नाही. चप्पल घ्या. हो, अनवाणी पळायचंय तरी चप्पल सोबत घ्या. कमरेच्या पट्ट्यात खोचा, पाठीवरच्या पिशवीत टाका, नाहीतर हातात धरा. मागच्या हिवाळ्यात ‘अनवाणीच तर पळायचंय, ओझं कशाला’ म्हणून मी ती घरी ठेवली आणि गिरणा नदीच्या पाटावरून (कालव्यावरून) बधिर पायांनी चालत परत आलो. ही यादी त्यामुळेच लिहितोय.

सुरुवात जानेवारीत करायची नाही. कोजागिरीच्या आसपास अनवाणी चालायला लागा, दिवाळीनंतर थोडं थोडं पळा, म्हणजे थंडी वाढत जाईल तसा तळवाही तयार होत जाईल. टाच उंच असलेल्या गादीच्या बुटांतून एकदम उघड्या पायावर आलात की सगळा भार पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेवर येतो. थंडीत त्या आधीच आखडलेल्या असतात. घाई केली तर पंज्याच्या लांब हाडांना बारीक चीरही जाते, मग दीड-दोन महिने घरी बसा.

इथे कुणीतरी पोलीस भरतीच्या पोरांचं नाव काढणारच. ती पोरं अनवाणी १६०० मीटर मारतात, लगेच चपलेत पाय घालतात आणि चहाच्या टपरीवर जातात. तुम्ही तासभर आडरानात असता, फरक आहे. दुसरा कुणी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं सांगेल, १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला म्हणून. जिंकला, पण ती सप्टेंबरमधली संध्याकाळ होती. १९६४ साली टोकियोत तोच माणूस बूट घालून जिंकला, ते कुणी सांगत नाही.

वेळ. धुळ्या-जळगावात डिसेंबर-जानेवारीत पारा ८ अंशांच्या खाली जातो, एखाद्या वर्षी त्याहूनही बराच. सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नसते, उजाडतानाची असते. त्यामुळे साडेपाचला निघायचं आणि उजाडेल तसं ऊन मिळेल, हा हिशेब उलटा आहे. आठनंतर निघा. नोकरीमुळे जमत नसेल तर संध्याकाळी पळा, रस्ता दिवसभर तापलेला असतो. पारा १० च्या खाली असेल तर मी पूर्ण अनवाणी जातच नाही, पातळ तळाचे सँडल घालतो. वर सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे काही हिवाळ्यांत गवतावरचं दव गोठतं, तिथे तर हा नादच नको.

रस्ता आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवा. कोरडी मातीची वाट सगळ्यात बरी. डांबर आणि सिमेंट पायातली ऊब मातीपेक्षा लवकर ओढतात. ओलं तर काहीच नको, कारण पाणी अंगातली उष्णता हवेच्या पंचवीसएक पट वेगाने पळवतं. म्हणून दव पडलेलं गवत दिसायला मऊ असलं तरी पायाला वैरी. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाटाचं पाणी, सुटलं की पाटाकडेची वाट पाझरून चिखल होते, हे गावातला कुणीही सांगेल, विचारायला मात्र हवं. कापसाच्या शेतातून आडवाट धरू नका. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटायच्या ऐवजी कापली असेल तर खुंट तिरपे आणि टोकदार राहतात. बांधावर सराटे, म्हणजे जमिनीलगतच्या वेलाची काटेरी फळं, असतात आणि बाभळीचे पांढरे काटे. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता बधिरपणा. लोक इथेच फसतात. थंडीत शरीर पोटा-छातीतली ऊब राखतं आणि हातापायांच्या बोटांकडचं रक्त कमी करतं. आधी तळवे झोंबतात, मग ठणकतात, आणि मग एकाएकी बरं वाटायला लागतं. त्या बरं वाटण्याला भुलू नका. पाय खरोखर तापले असतील तर बोटं गुलाबी दिसतात आणि हलवल्यावर नीट जाणवतात. पांढरी पडली असतील, लाकडासारखी लागत असतील, तर ठणका थांबलाय तो संवेदना गेल्यामुळे. मधूनमधून थांबून अंगठ्याचं नख दाबून सोडा. एरवी दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. रेंगाळला तर पळणं तिथेच बंद, पाय पुसा आणि चप्पल घाला. ती सोबत असेल तर.

माझ्याकडे नव्हती. पाटावर शेकोटी करून बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली, ‘कथा चालना रे भो?’ (कुठे चाललास रे भाऊ?) आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मागे फुपाट्यात प्रत्येक डाव्या पावलाला एक ओला लाल ठिपका. टाचेत सराटा पूर्ण रुतला होता आणि मला ठाऊकच नव्हतं. अनवाणी पळण्याचा सगळा फायदा पायाला जमीन कळते यात आहे. पाय बधिर झाला की तो फायदा संपतो आणि नुसतं उघडं कातडं उरतं.

रात्री थ्री फेज लाईट आली की गव्हाला पाणी भरणारे लोक पाहा. चिखलात अनवाणीच उतरतात, पण चप्पल बांधावर कोरड्यात काढून ठेवतात, वाफा भरला की पाय पुसून आधी तीत घालतात. त्यांना कुणी यादी दिलेली नाही. तुम्ही पळणारे, तुमचा बांध मागे राहतो, म्हणून चप्पल अंगावर घेऊन निघा. सोबत एक जुना पंचा आणि लोकरीचे मोजे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. सुती मोजे नकोत, एकदा ओले झाले की गारच राहतात. चप्पल अंगठ्याची असेल तर मोज्यावर बसणार नाही, पट्ट्याची घ्या.

मिनिमल बूट, म्हणजे पातळ सपाट तळाचे, घेणार असाल तर लोकरी मोज्यासकट घालून बघा. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बूट रक्त अडवतो, मग उघड्या पायापेक्षा तोच जास्त गार पडतो. पातळ तळ काट्यापासून थोडंफार वाचवतो, थंडीपासून फार नाही. बाभळीचा जुना काटा तर त्यातूनही आरपार येतो.

अंग घरातच गरम करून निघा. दारात उभं राहून पोटऱ्या ओढत बसू नका, आत जागच्या जागी उड्या मारा, उठाबशा काढा, घाम फुटायच्या बेतात आला की बाहेर पडा. कान आणि छाती झाका. धड गार पडलं की पायाचं रक्त सगळ्यात आधी कापलं जातं, म्हणजे पायासाठीच स्वेटर घालायचा आहे. जायचा पल्ला नेहमीच्या निम्मा ठेवा, आणि लांब सरळ जाण्याऐवजी घराभोवती फेऱ्या मारा. आणि चप्पल घेतली का ते दाराशी पुन्हा बघा.

मधुमेह असेल, तळव्यांना मुंग्या येत असतील किंवा थंडीत बोटं पांढरी-निळी पडायची सवय असेल, तर हे करूच नका. चर्चा नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर आधी घ्या. मातीने माखलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काटा आत मोडला असेल तर सुईने कोरत बसू नका.

परत आल्यावर शेकोटीला पाय लावायचे नाहीत, बधिर कातडं भाजतं आणि कळत नाही. उकळतं पाणीही नको. कोमट, तेही दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा. ऊब परत येताना ठणकणारच. लाल, खाजरे फोड उठले तर काही दिवस सुट्टी. बोटांच्या बेचक्या पुसा, उजेडात तळवे तपासा. भेगांना रात्री कोकम तेल किंवा व्हॅसलीन, पळायच्या आधी नाही, तळवा मऊ पडतो. चप्पल धुवून पुन्हा पिशवीत. बाकी चहा, भाकरी, भरीत ज्याचं त्याने बघावं.